मास्तरांची गाडी गॅरेजबाहेर

त्या घरात सगळ्यात चांगली खोली कोणाची, असं कुणी विचारलं असतं, तर उत्तर एकच होतं: गाडीची. खोटं नाही सांगत. रस्त्याकडे तोंड, वर दोन ट्यूबलाइट, कोपऱ्यात नळ, खाली गुळगुळीत फरशी आणि पुढे नव्याकोऱ्या रंगाचं शटर. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. माणसं बिचारी मागच्या खोल्यांत एकमेकांच्या पायांत पाय अडकवून राहत होती, आणि गॅरेजमध्ये मास्तरांची गडद निळी गाडी अकरा वर्षं ऐसपैस झोपत होती.

मास्तर म्हणजे सूनबाईचे सासरे. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवली. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, म्हणजे शिकाऊ माणूस घाबरून भलतंच काही करायला लागला की मास्तर आपला ब्रेक दाबतात आणि सगळे सुखरूप घरी जातात. त्या ब्रेकने मास्तरांना निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं. घरात कुणी चुकतंय असं वाटलं की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. सासूबाईंनी आमटीत दुसऱ्यांदा मीठ घातलं, दाबला पाय. मुलाने टीव्हीचा आवाज वाढवला, दाबला पाय. पाठोपाठ तोंडही सुटायचं, ते वेगळं.

सूनबाई नखांचं काम करायची. गल्लीत तिला सगळे नखवालीच म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. नखं कापणं, घासणं, त्यांवर जेलचे पातळ थर देणं, छोट्या दिव्याखाली ते कडक करणं, वर बारीक फुलं काढणं, या सगळ्यात तिचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. अडचण एकच होती. काम चालायचं जेवणाच्या टेबलावर. गिऱ्हाईक हात पसरून बसायचं आणि समोर मास्तर पेपर वाचत बसायचे. पेपर वाचता वाचता गिऱ्हाइकाला विचारायचे, "लायसन काढलंय का?" दोन बायकांनी तर स्पष्टच सांगितलं, "तुझं काम छान आहे गं, पण तुझ्या घरी यायला अवघडल्यासारखं होतं." त्या पुन्हा आल्या नाहीत. मग एके दिवशी दुपारी सासूबाईंच्या ताटात भाताबरोबर कुणाचं तरी गुलाबी नख निघालं, आणि त्या क्षणापासून सासूबाई सुनेच्या पक्षात गेल्या.

"तिला गॅरेज द्या," त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

"आणि गाडी कुठे ठेवू? डोक्यावर?"

"बाहेर ठेवा. जगातल्या सगळ्या गाड्या बाहेरच असतात."

"जगातल्या गाड्या बघ जाऊन कशा दिसतात त्या! ऊन लागतं, धूळ बसते, पाखरं वरून प्रसाद देतात. सहा महिन्यांत रंगाचं पोतेरं होईल."

इथे सूनबाईच्या नवऱ्याने काहीतरी बोलायला हवं होतं. पण तो जमीन मोजणीच्या खात्यात होता, आणि दोन हद्दींच्या मधोमध उभं राहण्यात त्याचा हातखंडा होता. "दोघांचंही बरोबर आहे," असं म्हणून तो आंघोळीला गेला.

सूनबाईला मात्र गप्प बसणं परवडणारं नव्हतं. लग्नाआधी ती जिथे काम करायची त्या पार्लरच्या मालकिणीचा निरोप आला होता: यायचं असेल तर एक तारखेपासून ये, नाहीतर मी दुसरी मुलगी ठेवते. तिथे परत जायचं म्हणजे दिवसभर उभं राहायचं, नखांच्या कामाच्या मध्ये मध्ये जमिनीवरचे केस झाडायचे, आणि आपण काढलेल्या फुलांबद्दल कौतुक मालकिणीचं होताना ऐकायचं. नको वाटायचं तिला ते. अगदी मनापासून नको वाटायचं. पण टेबलावरची गिऱ्हाइकं एकेक करून गळत होती. एक तारखेला आठ दिवस उरले होते. गॅरेज मिळालं तर स्वतःचं दुकान, नाहीतर हातात झाडू.

तेव्हाच एका गिऱ्हाइकाने बोलता बोलता तिला सिरॅमिक कोटिंगबद्दल सांगितलं. गाडीच्या रंगावर एक पातळ, काचेसारखा थर द्यायचा. तो वाळला की दगडासारखा घट्ट होतो. पाणी टिकत नाही, धूळ चिकटत नाही, ऊन रंग खात नाही. बाहेर करून घेतलं तर खर्च फार, पण घरच्या घरी करता येतं, बाटली मिळते. सूनबाईच्या हातातला ब्रश जागच्या जागी थांबला. अगं बाई, हा तर नखांवरचा शेवटचा थर, टॉप कोट! दिवसातून बारा वेळा देते मी!

त्याच संध्याकाळी तिने मास्तरांसमोर विषय काढला. मास्तर आधी हसले, मग विचारात पडले, आणि शेवटी ताठ बसून बोलले.

"ठीक आहे. कर तू. पण अट ऐक. काम झाल्यावर मी बॅटरीचा उजेड टाकून गाडी तपासणार. एकही डाग दिसला नाही, तर गाडी बाहेर आणि तुझं दुकान आत. डाग दिसला, तर गॅरेजचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. कबूल?"

"कबूल," सूनबाई म्हणाली.

"मी साक्षीदार," सासूबाई म्हणाल्या, आणि ताटातलं ते गुलाबी नख आठवून त्यांनी पुन्हा एकदा तोंड वाकडं केलं.

शनिवारी काम सुरू झालं. लोकांना वाटतं कोटिंग म्हणजे बाटली उघडायची आणि फासायचं. छे! खरा जीव जातो तो आधीच्या तयारीत. दोन बादल्या, एकीत साबण, दुसरीत स्वच्छ पाणी. धुऊन झाल्यावर रंगात रुतलेले डांबराचे, धुळीचे कण काढायला चिकणमातीसारखी एक वडी मिळते, ती ओल्या पत्र्यावरून हळूहळू फिरवायची. आधी हाताला खरखर लागते, मग एकदम हात घसरायला लागतो. त्यानंतर पॉलिशचं मशीन, ते सूनबाईने रंगाच्या दुकानातून एका दिवसापुरतं भाड्याने आणलं होतं. हे सगळं तिने एकटीने केलं. एकटीने म्हणजे, मास्तर घडीच्या खुर्चीवर बसून होतेच.

"अंगठी काढ आधी. ओरखडा जाईल."

"काढली, बाबा."

"मशीन टेकवून मग चालू कर. चालू करून टेकवू नकोस."

"तसंच करतेय."

"कडेला सावकाश. सावकाश! अगं, कडेला रंग पातळ असतो!"

आणि दर वाक्याला उजवा पाय फरशीवर. संध्याकाळपर्यंत सूनबाईच्या नाकी नऊ आले. गाडी आरशासारखी झाली होती, पण तिचं डोकं भणभणत होतं. मशीन परत करून आल्यावर तिने हात धुतले, पदराला पुसले आणि सरळ सांगितलं, "बाबा, उद्या कोटिंग आहे. उद्या तुम्ही बसा, बघा, पण तोंडातून एक शब्द काढायचा नाही. तुम्ही बोललात की माझा हात हलतो."

"माझ्या बोलण्याने आजवर कुणाचा हात हलला नाही. उलट स्थिर झाला."

"एक शब्द नाही," सासूबाई आतून ओरडल्या. "आणि पायसुद्धा वर घेऊन बसा."

मास्तरांचा चेहरा पडला, पण त्यांनी मान डोलावली.

रविवारी सकाळी शटर अर्ध्यावर ओढलं, फरशीवर पाणी शिंपडून धूळ बसवली, आणि सूनबाईने कोटिंगचा खोका उघडला. आत दोन इवल्याशा बाटल्या, एक स्पंजचा ठोकळा, मऊ कापडाचे तुकडे आणि बारीक अक्षरांनी गच्च भरलेलं पत्रक. बाटल्या पाहून तिला हसूच आलं. नेलपॉलिशच्या बाटलीएवढ्याच त्या, तशाच काचेच्या, तशाच झाकणाच्या. तिने पत्रकाची घडी तशीच मास्तरांच्या मांडीवर ठेवली.

"घ्या. तुम्हाला वाचायला."

मास्तरांनी भुवया उंचावून तिच्याकडे पाहिलं. तू नाही वाचणार, असं त्यांना विचारायचं होतं हे उघड होतं. पण बोलायची बंदी होती.

"बाबा, कोट देणं मला कुणी शिकवायला नको," ती म्हणाली. चढली होती थोडी, खोटं कशाला बोला. आठ वर्षं केलेल्या कामाचं माणसाला जरा चढतंच.

नखांना जेल लावण्याआधी ती जसं करायची तसं तिने पत्र्यावरून स्पिरिटचं कापड फिरवलं. ते बरोबर होतं. मग स्पंजवर थेंब घेऊन तिने बॉनेटपासून सुरुवात केली. उभे हात, मग आडवे हात, कुठे जाड नाही, कुठे सुटलं नाही, कडा अगदी केसाच्या अंतरावर. तेही बरोबर होतं. आणि मग तिने ते तसंच ठेवलं.

आता नखाचं असं असतं, की टॉप कोट दिला की त्याला हात लावायचा नाही. तो आपला आपण पसरतो, सपाट होतो, मग दिव्याखाली कडक करायचा आणि सगळ्यात शेवटी वरचा चिकटपणा पुसायचा. कडक व्हायच्या आत पुसणारीला कुणी नखवाली म्हणत नाही. सूनबाईच्या हातांना आठ वर्षं हेच ठाऊक होतं. म्हणून बॉनेट पूर्ण झाल्यावर ती मोठ्या समाधानाने डाव्या बाजूच्या चाकावरच्या पत्र्याकडे वळली, तोही केला, आणि मास्तरांकडे बघून हसली. मास्तर घड्याळाकडे बघत होते. मग पत्रकाकडे. मग पुन्हा घड्याळाकडे. पाय त्यांनी खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले होते आणि तोंड घट्ट मिटलेलं होतं. शाबास, तिला वाटलं, म्हातारा शब्दाला पक्का आहे.

वीस-पंचवीस मिनिटांनी ती बॉनेटकडे परतली.

बॉनेटवर पाण्यात तेल सांडल्यावर दिसतात तसे रंगीबेरंगी ढग उमटले होते. कुठे जांभळट, कुठे पिवळट, मधूनमधून स्पंज फिरवल्याच्या जाड रेघा. तिने कापड घेऊन पुसायला पाहिलं. कापड अडलं. जोर लावला. निघेना. स्पिरिट ओतलं, चोळलं, पुन्हा ओतलं. डाग होते तिथेच होते, आणि आता त्यांना चकाकीही आली होती. जो थर दगडासारखा घट्ट होतो म्हणून तिने विकत आणला होता, तो खरोखरच दगडासारखा घट्ट झाला होता.

"हे असं कसं झालं?" ती स्वतःशीच म्हणाली. मग खाली फरशीवर बसली आणि रडायला लागली. सुरुवातीला हळू, मग सासूबाई धावत याव्यात इतक्या जोरात.

सासूबाई आल्या. त्यांनी बॉनेट पाहिलं. "अगं बाई गं," एवढंच म्हणाल्या आणि सुनेच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मागून नवराही आला, त्याने चारी बाजूंनी पाहणी केली आणि, "एवढं काही दिसत नाही, अंधारात," असं म्हणाला. आईने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो चहा टाकायला निघून गेला.

सूनबाईने डोळे पुसले. अट म्हणजे अट. बॅटरी आणायचीही गरज नव्हती. रस्त्यावरच्या माणसालाही डाग दिसले असते. तिने फोन हातात घेतला.

"कुणाला लावतेयस?" सासूबाईंनी विचारलं.

"पार्लरच्या मालकिणीला. सांगते, येते एक तारखेपासून." मग मास्तरांकडे वळून ती म्हणाली, "बाबा, तुमची गाडी आतच राहील. डाग कसे काढायचे ते विचारून काढून देईन मी. विषय संपला."

"फोन ठेव," मास्तर म्हणाले.

"आता काय राहिलंय?"

"ठेव म्हटलं ना!"

ते खुर्चीवरून उठले. पत्रक त्यांच्या हातात चुरगळलं होतं. त्यांनी ते सरळ केलं, चष्मा लावला, पुन्हा काढला.

"यात पाचव्या ओळीला लिहिलंय. थोडाच भाग लावायचा आणि दोन मिनिटांत पुसून घ्यायचा. गरम हवेत त्याच्याही आधी. राहिलं तर घट्ट होतं आणि मग फक्त पॉलिश करूनच निघतं." ते थांबले. "मी सकाळीच वाचलं होतं. तू अर्धं बॉनेट लावलंस तेव्हा पाच मिनिटं झाली होती. मी घड्याळ बघत होतो."



"मीच तुम्हाला बोलू नका म्हटलं होतं," सूनबाई म्हणाली.

"म्हटलं होतंस. पण मी काही त्यामुळे गप्प नव्हतो. मी कधी कुणाच्या सांगण्यावरून गप्प बसलोय? विचार हिला." त्यांनी सासूबाईंकडे बोट केलं. सासूबाईंनी नाही म्हणून मान हलवली. "मी गप्प बसलो, कारण मला वाटलं, चुकते आहे तर चुकू दे. डाग पडला की गाडी आत राहील. बत्तीस वर्षांत एका शिकाऊ माणसाला मी खांबावर जाऊ दिलं नाही गं. कुणी मला शिव्या देणारा असला तरी नाही. आणि आज घरातल्या पोरीला जाऊ दिलं, समोर बसून. घड्याळ बघत."

 सूनबाईने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तिला राग यायला हवा होता, आणि आलाही. चांगला डोक्यापर्यंत आला. "बाबा, हे फार वाईट केलंत," ती म्हणाली. "फार वाईट केलंत तुम्ही."

"केलं," मास्तर म्हणाले. "म्हणून ऐक. अटीत लबाडी मी केली. गॅरेज तुझं. गाडी आत्ता बाहेर काढतो, अशीच, डागांसकट. लोकांना कळू दे म्हाताऱ्याने काय केलं ते." आणि ते खरंच किल्ली आणायला निघाले.

"थांबा!" सूनबाई उभी राहिली. "असं नको मला. दंड म्हणून दिलेल्या खोलीत मी बसणार नाही. आणि सगळा दोष तुम्ही एकट्याने कशाला घेताय? पत्रक मला वाचता येत नव्हतं का? चार ओळी वाचायला मला कमीपणा वाटला." तिने नाक ओढलं. "एक बाटली आहे अजून. डाग काढू, परत लावू. तुम्ही बॅटरी घेऊन तपासायचं, ठरलं होतं तसं. डाग नसला तरच गॅरेज घेईन."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "मशीन परत केलंस ना?"

"केलं. दुकान आज बंद आहे."

"मग हाताने," मास्तर म्हणाले.

हाताने! बोलायला सोपं आहे. पॉलिशची क्रीम कापडावर घ्यायची आणि हाताच्या पंजाएवढ्या जागेवर गोल गोल घासत राहायचं, डाग जाईपर्यंत, मग शेजारची जागा. एका बाजूने सून, दुसऱ्या बाजूने सासरे. तासाभरात मास्तरांचा खांदा भरून आला, पण सांगतील तर शपथ. सूनबाईने दोनदा म्हटलं, "तुम्ही बसा आता," तर म्हणाले, "तू बस." नवऱ्यानेही थोडा वेळ कापड धरलं. त्याने एका डागाची लांबी-रुंदी अंदाजाने सांगितली आणि मग त्याला चहाची आठवण झाली. सासूबाई मात्र शेवटपर्यंत उभ्या होत्या, आणि कोणाची बाजू मागे पडली हे दर दहा मिनिटांनी जाहीर करत होत्या. "तुमच्याकडे अजून तीन आहेत हो. ती तुमच्यापुढे गेली."

"तिच्या बाजूला कमी होते!"

"रडू नका, घासा."

रविवार घासण्यात गेला. सोमवारी सकाळी उरलेले डाग निघाले, आणि दुपारी दुसरी बाटली उघडली. या वेळी सूनबाईने पत्रक स्वतः वाचलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत, मोठ्याने. मग ते मास्तरांच्या हातात दिलं.

"आज तुम्ही बोलायचं," ती म्हणाली. "पाहिजे तेवढं."

मास्तरांना आणखी काय हवं होतं! घड्याळ हातात घेऊन ते तिच्या शेजारी उभे राहिले. तिने थोडासा भाग लावला की ते मोजायला लागत. दीड मिनिट. पावणेदोन. "दोन! पूस!" ती पुसायची. खाली गुळगुळीत निळा पत्रा, ढग नाही की रेघ नाही. बॉनेट झालं, टप झालं, मागची डिकी झाली. काम रंगात आलं. उजव्या बाजूच्या दाराशी मात्र घोडं अडलं. तिथे शटरच्या फटीतून ऊन येऊन पत्रा तापला होता.

"एक मिनिट झालं," मास्तर म्हणाले. "अजून एक थांब."

"नाही, झालंय. बघा ना, घाम फुटल्यासारखं दिसतंय."

"दोन मिनिटं लिहिलंय."

"बाबा, गरम हवेत त्याच्याही आधी, हेही लिहिलंय. मी पुसतेय."

मास्तरांचा पाय फरशीवर दाबला गेला. तोंड उघडलं. मग त्यांनी वाकून दाराकडे पाहिलं, चष्मा वर करून, नाक पत्र्याला लागेल इतकं जवळून. खरंच, पातळ थरावर बारीक थेंबांसारखं काहीतरी उठलं होतं आणि इंद्रधनुष्यासारखी झाक धरायला लागली होती. त्यांना आयुष्यात ते वेळेवर दिसलं नसतं.

"पूस," ते म्हणाले. "या बाजूला तुझं ऐकू. पुढचं तू सांग, मी नुसतं मोजतो."

संध्याकाळी तपासणी झाली. शटर खाली, दिवे बंद, हातात बॅटरी. मास्तर पुढून सुरू झाले. टपावर, काचेच्या कडेला, दारांच्या खाचांत, दिव्यांच्या भोवती. गुडघ्यांवर बसले, मग फरशीवर पालथे पडले आणि दाराच्या खालच्या कडेला प्रकाश टाकला. सासूबाई म्हणाल्या, "पोटातही बघता का तिच्या?" पण त्यांनी लक्ष दिलं नाही. सूनबाई भिंतीला टेकून उभी होती. तिचे हात बधिर झाले होते. सोडून देतील, उगाच हो म्हणतील, असं तिला एकदा वाटलं, आणि तसं होऊ नये असंही वाटलं. मास्तर अर्धा तास शोधत राहिले. उगाच हो म्हणणारा माणूस इतका वेळ पालथा पडत नाही.

शेवटी ते उठले, अंग झटकलं, आणि दिवे लावले.

"नाही सापडत," ते म्हणाले. आवाजात हरल्याचं दुःख होतं आणि जिंकल्याचा आनंदही, आणि कुठलं किती हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. "पुष्कळ शोधला. एकही नाही."

सूनबाईने एक किंकाळी फोडली. अक्षरशः किंकाळी. सासूबाईंनी तिला मिठी मारली, नवरा धावत बाहेर आला आणि काय झालं हे न कळताच टाळ्या वाजवायला लागला.

कोटिंगला एक दिवस पाणी लागू द्यायचं नसतं, म्हणून गाडी सोमवारची रात्र आतच राहिली. मंगळवारी संध्याकाळी मास्तरांनी ती स्वतः बाहेर काढली. शटरमधून मागे येताना हातभर जागा दोन्ही बाजूंना होती, तरी त्यांनी सासूबाईंना एकीकडे आणि मुलाला दुसरीकडे उभं केलं. भिंतीलगत गाडी लावली. लावून उतरले, चार पावलं चालले, परत आले, पुन्हा एक फूट पुढे घेतली. बुधवारी सकाळी एका पाखराने बॉनेटवर आपली हजेरी लावली तेव्हा सगळं घर श्वास रोखून मास्तरांकडे पाहत होतं. त्यांनी ओलं कापड आणलं, एका हातात पुसून टाकलं, आणि खाली काही उरलं नाही हे पाहून चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काम बघा कसं झालंय!"

येत नाही, असं सूनबाईने पार्लरच्या मालकिणीला नम्रपणे कळवलं. एक तारखेला गॅरेजमध्ये टेबल होतं, दोन खुर्च्या होत्या, भिंतीवर रंगीत बाटल्यांची फळी होती. पाटी करायला टाकली होती, पण ती अजून यायची होती. पहिलं गिऱ्हाईक सकाळी दहालाच येऊन बसलं. सूनबाईच्या हातात मोजे, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात गिऱ्हाइकाची करंगळी, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. दुसरी कुणीतरी पत्ता विचारत असणार, हे तिला कळलं. पण हात सोडवत नव्हता.

मास्तर दारातच होते. त्यांनी फोन उचलला, आणि बत्तीस वर्षांचा आवाज लावून सुरुवात केली.

"हं, बोला. कुठे आहात तुम्ही आत्ता? बरं. तिथून सरळ या, घाई करू नका. दुसरं वळण डावीकडे. पाटी? नाही, पाटी नाही अजून. पाटी कशाला हवी? वळलात की भिंतीलगत एक निळी गाडी उभी दिसेल. हो, बाहेरच, रस्त्यावर. आमच्या सुनेने केलीय ती." त्यांनी गाडीकडे पाहिलं, मान किंचित तिरकी केली, आणि फोनमध्ये म्हणाले, "जवळ जाऊन बघा. तुमचं तोंड स्वच्छ दिसलं, तर समजा पत्ता बरोबर आहे."